नदीमुखे, वाळू आणि स्थलनामांची साक्ष

वाडीजवळच्या टेकड्यांत उगम पावणाऱ्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा व प्राणहिता यांच्या मार्गाने गोदावरीस मिळते, आणि गोदावरीने आपल्या गाळाने पूर्व किनाऱ्यावर विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश रचला आहे. कोकणातील नद्यांस असे करता आले नाही. त्या आखूड आहेत. त्यांचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहून जाते व एरवी त्यांच्या मुखांत भरती-ओहोटीचेच प्राबल्य असते. हा भेद भाषेने अचूक टिपला आहे. महाडपाशी जी सावित्री 'नदी', तीच समुद्राजवळ 'बाणकोटची खाडी' होते. वाशिष्ठीची 'दाभोळची खाडी' होते. किनाऱ्याच्या इतिहासासाठी अशा नामांची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

किनाऱ्यावर तिरप्या येणाऱ्या लाटा वाळू किनाऱ्यालगत वाहून नेतात. पुराचा जोर असेपर्यंत नदी ती समुद्रात लोटते. जोर ओसरला की वाळू मुखावर साचू लागते, तिची लांबट पट्टी वाढत जाते व क्वचित मुखच बाजूला सरकते. एका तीरावर भर पडते, तेव्हा दुसऱ्या तीराची झीज होत असते.

कुंडलिकेच्या मुखावरील रेवदंडा हे नाव या दृष्टीने विचारार्ह आहे. 'रेव' म्हणजे जाड वाळू. कोंकणीतही 'रेंव' हा शब्द वाळू याच अर्थाने रूढ आहे. 'दांडा' हा लांबट भूभागाचा वाचक असून दांडा-राजपुरी, केळवे-दांडा या नावांत तो आढळतो. केवळ 'दांडा' म्हटल्याने भूमी वाळूची ठरत नाही. म्हणूनच 'रेव' हे विशेषण अर्थपूर्ण ठरते. अरब लेखकांचे 'सैमूर', म्हणजेच चौल, याच खाडीवरचे. १५२१ मध्ये निजामशहाच्या अनुमतीने पोर्तुगीजांनी आपले ठाणे उभारण्यास घेतले, ते खाडी व समुद्र यांच्यामधील याच भूमीवर. चौलच्या ऱ्हासाचे खापर सरसकट गाळावर फोडण्यात येते. परंतु नावाची ही व्युत्पत्ती मान्य केल्यास वाळू ही येथील वस्तीवर मागाहून कोसळलेली आपत्ती नव्हे, तर त्या वस्तीचे अधिष्ठान होती, असे म्हणावे लागते. मुंबईचा उदय व १७४० मधील सत्तांतर ही कारणे मग अधिक गांभीर्याने तपासावी लागतात.

याच्या उलट उदाहरण मालवण तालुक्यातील देवबागचे. कर्ली नदीच्या मुखातील एका वाळूच्या उंचवट्यास आज 'सुनामी बेट' म्हणतात व ते २००४ च्या सुनामीने निर्माण झाले, अशी समजूत प्रचलित आहे. रेवदंडा हे नाव भूमीचे रूप सांगते, काळ सांगत नाही. 'सुनामी बेट' हे नाव काळ सांगते, पण त्याचा पुरावा देत नाही. नदीमुखात असे उंचवटे नित्यक्रमानेही निर्माण होतात. एकाच घटनेचे नाव दिल्याने वर्षानुवर्षे चाललेले हे कार्य दृष्टीआड होते, आणि एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस खाडी असलेल्या गावास असे दुर्लक्ष परवडणारे नाही.

तथापि अशा घटना सर्वस्वी अमान्य करणेही योग्य नव्हे. १५२४ मध्ये दाभोळजवळ वास्को-द-गामाच्या आरमारास समुद्र हादरल्याचा अनुभव आल्याचे पोर्तुगीज इतिहासकारांनी नमूद केले आहे. भारजा नदीच्या मुखाजवळील केळशीच्या वाळूच्या टेकडीचा संबंध डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी सुनामीशी जोडला. त्या मताचा आधार नाव हा नसून टेकडीचे थर व त्यांतील अवशेष हा आहे. त्यामुळे त्याचे मंडन वा खंडन त्याच पुराव्याने करता येते.

तात्पर्य, स्थलनाम हे भूरूपाचे साक्षीदार होऊ शकते. कालनिर्णयासाठी मात्र कागदपत्रे व वाळूचे थर यांच्याकडेच वळले पाहिजे. भाषाभ्यासकाने ही मर्यादा पाळल्यास त्याची साक्ष इतिहासकारास अधिक विश्वसनीय वाटेल.