चाकातला आवाज आणि कुर्ल्याची फियाट

जुन्या गाडीच्या चाकातून आवाज यायला लागला की माणूस त्याच्याशी प्रॉडक्शनमधल्या बगसारखाच वागतो. आधी दुर्लक्ष, मग रेडिओ मोठा, आणि शेवटी "रस्ताच खराब आहे रे" हे स्पष्टीकरण. मुंबईत हे स्पष्टीकरण बारा महिने खरं असल्यामुळे त्यावर आणखी चार महिने निघतात :)

पण ह्याच शहरात एकेकाळी नुसता आवाज ऐकून चाकाचं दुखणं सांगणारे मिस्त्री नाक्यानाक्यावर होते. ते कसे तयार झाले आणि आता का सापडत नाहीत, ह्याचं बरंचसं उत्तर कुर्ल्यात आहे.

तर मंडळी, थोडा इतिहास. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाजं झाली, विमानं झाली, म्हणून 1944 मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. 1947 पासून तिथे अमेरिकन डॉज-प्लिमथ जोडल्या जायला लागल्या. पुढे 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर सरकारने ठरवलं की परदेशी सुटे भाग आणून नुसती जोडणी करायची असेल तर इथे राहू नका, गाडी इथे बनवायची तयारी असेल तरच राहा. शिवडीला 1928 पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स त्यानंतर वर्षभरात, 1954 मध्ये, निघून गेली. प्रीमियर राहिली आणि इटलीच्या फियाटची गाडी हळूहळू इथेच बनवायला लागली.

1964 मध्ये आली फियाट 1100 डिलाईट. 1089 सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीत हे मॉडेल 1966 मध्येच बंद झालं. कुर्ल्यात मात्र तीच गाडी आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी अशी नावं बदलत 2000 च्या आसपासपर्यंत निघत राहिली. म्हणजे जवळजवळ 35 वर्षं एकच आर्किटेक्चर, फक्त व्हर्जन नंबर वेगळे!

ग्राहकाच्या बाजूने बघितलं तर ही शिक्षाच होती. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लावायचा आणि हातात जुनी गाडी घ्यायची. पण ह्याच साचलेपणाचा एक फायदा झाला आणि तो आपण कधी मोजला नाही. अंधेरीच्या मिस्त्रीने 1970 मध्ये ऐकलेला आवाज 1990 मध्ये मुलुंडलाही तसाच यायचा. एकाच गाडीच्या हजारो प्रती त्याच कानाखालून गेल्या. इतका मोठा टेस्ट डेटा आपल्याला कुठल्या प्रोजेक्टमध्ये मिळतो?

आणि ते लोक जादू करत नव्हते. पद्धत बघा, आपल्या डीबगिंगची सख्खी बहीण आहे.

पहिला प्रश्न : आवाज इंजिनचा की चाकाचा? मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून घरंगळू द्यायची. इंजिन मंदावलं तरी आवाज वेगाबरोबरच राहिला तर इंजिन सुटलं निर्दोष.

दुसरा : किती वेळा येतो? ह्या गाडीच्या चाकाचा परीघ साधारण 1.9 मीटर. ताशी 40 किमीला सेकंदाला जवळपास 6 फेरे होतात. फेऱ्याला एकदा टक् होत असेल तर टायरमध्ये रुतलेला खडा, सैल व्हीलकॅप किंवा टायरला आलेला फुगा बघा. फेऱ्याला साधारण चारदा असेल तर संशय मधल्या प्रोपेलर शाफ्टवर, कारण तो चाकाच्या चारपट फिरतो. आणि सलग घूंऽऽ असेल तर टायर नाहीतर बेअरिंग. रस्ता बदलला की सूर बदलतो तो टायर. बेअरिंगला डांबर काय नि काँक्रीट काय, सगळं सारखंच.

तिसरा : कुठल्या बाजूचं? गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घूं वाढली तर उजवं बेअरिंग तपासायचं, आणि उजवीकडे वळताना वाढली तर डावं.

शेवटची परीक्षा माझी सगळ्यात आवडती. पुढचं चाक जॅकवर उचलायचं, वर-खाली धरून हलवायचं. खेळ लागला तर दोषी दोन असू शकतात, बेअरिंग किंवा किंगपिन. मग पोऱ्याला सांगायचं, "ब्रेक दाब." ब्रेक दाबला की ड्रम आणि मागची पत्रा-प्लेट एकमेकांना जखडतात. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. एक पाय आणि दोन हात, बाकी काही लागत नाही. एक व्हेरिएबल बंद करून दुसरं बघणं ते हेच!

मग हे ज्ञान गेलं कुठे? दोन गोष्टी झाल्या. एक, गाड्यांची मॉडेल्स इतकी वाढली की कुठलाच आवाज पुरेशा वेळा कानावर पडत नाही. दुसरी, बऱ्याच नव्या गाड्यांत बेअरिंग हबसकट सीलबंद येतं. पूर्वी हब उघडा, धुवा, ग्रीस भरा, परत बसवा असं चालायचं. आता अख्खा भाग बदलायचा. बदलायचंच असेल तर नीट ऐकायचं कशाला?

माझ्या एका मित्राच्या सोळा वर्षं जुन्या गाडीची दोन्ही पुढची बेअरिंगं एका गॅरेजने बदलली. घूं तशीच राहिली. टायर झिजून ओबडधोबड झाले होते. काँक्रीटवरून डांबरावर गेल्यावर सूर बदलतोय का, हे कुणी विचारलंच नव्हतं. उलटं झालं असतं तर जास्त वाईट. बेअरिंगला टायर समजून गाडी दामटली तर खेळ वाढत जातो आणि शेवटी चालत्या गाडीचं चाक निखळू शकतं.

पद्मिनीचा शेवट तारखेनिशी नोंदला गेलाय. शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी नाही. पेपरांत फोटो आले, सगळे हळहळले. तिचे आवाज ओळखणाऱ्या कानांची मात्र कुठल्याच आरटीओत नोंद नव्हती.

गाडी परत यावी असं मला अजिबात वाटत नाही. चार ड्रम ब्रेकवर आजच्या हायवेला जायची माझी हिंमत नाही. पण पद्धत गाडीबरोबर भंगारात जायचं कारण नाही. न्यूट्रल, फेऱ्यांचा हिशोब, वळण आणि डांबर-काँक्रीट ह्या चाचण्या कुठल्याही गाडीला लागू पडतात, आणि फुकट आहेत. गॅरेजला जायच्या आधी ही चार उत्तरं कागदावर लिहून न्या. आणि तुमच्या गल्लीत फियाटवर हात बसलेले एखादे म्हातारे मिस्त्री अजून असतील, तर एका रविवारी त्यांच्यापुढे मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून बसा. डॉक्युमेंटेशन राहून गेलंय, आणि ते लिहू शकणारी टीम आता फार मोठी उरलेली नाही.