मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा

मेढ्यातील एका शाळेच्या अडगळीत आम्हाला व्हॉल्व्हचा जुना अँप्लिफायर मिळाला. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार होती. ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता. असे का घडते?

फ्यूज हा मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा. एडिसनने 1880 मध्येच दिव्यांच्या तारांसाठी त्याचे पेटंट घेतले. 1920 च्या दशकाअखेरीस व्हॉल्व्हचे रेडिओ घरच्या विजेवर चालू लागले आणि नवा पेच उभा राहिला. 1936 च्या 6एल6 या व्हॉल्व्हचा हीटर 6.3 व्होल्टवर 0.9 अँपिअर घेतो, म्हणजे तापल्यावर त्याचा रोध 7 ओहम. थंड असताना तो बराच कमी असतो. त्यामुळे बटण दाबताच क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह वाहतो. चपळ फ्यूज दोष नसतानाही उडतो. मग माणसे कंटाळून जाड तार बसवतात.

यावर उपाय मंद फ्यूजचा. त्याच्या टोपीवर ‘टी’ असते. ‘ट्रेगे’ या जर्मन शब्दाचा अर्थ सुस्त. तो क्षणिक लोंढा सोसतो, टिकून राहणारा जादा प्रवाह मात्र नाही.

म्हणून प्लग काढून यंत्रामागची पाटी वाचावी आणि तितक्याच अँपिअरचा, त्याच जातीचा फ्यूज बसवावा. फ्यूज पुन्हा उडाला, तर दोष यंत्रात शोधावा.