प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात कोण हसतं?

पायथन ही भाषा आज शाळा-कॉलेजांत नवशिक्यांना सर्रास शिकवली जाते. तिचं नाव अजगरावरून पडलं असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गिडो व्हान रॉसम यांनी १९८९च्या डिसेंबरात तिचं काम हाती घेतलं, तेव्हा ते 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या संहिता वाचत होते. म्हणूनच या भाषेच्या अधिकृत प्राथमिक पाठांत 'स्पॅम' आणि 'एग्ज' हे शब्द भेटतात. या मालिकेतल्या १९७०च्या एका प्रहसनात हॉटेलातल्या जवळपास प्रत्येक पदार्थात स्पॅम असतं. नको म्हटलं तरी तेच पुढ्यात येतं. नकोशा ईमेलना स्पॅम म्हणू लागले तेही त्यावरूनच. मूळ स्पॅम म्हणजे डबाबंद डुकराचं मांस.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उर्दू माध्यमातून आलेली एखादी मुलगी हा पाठ उघडेल, तेव्हा तिची पहिली अडचण हलाल-हरामची नसेल. 'स्पॅम' हा पायथनचा स्वतःचा राखीव शब्द आहे की लेखकानं सहज ठेवलेलं नाव, हेच तिला कळणार नाही. लंडनमध्ये जो विनोद मनावरचा ताण हलका करतो, तो मालेगावात किंवा भिवंडीत आणखी एक अनोळखी शब्द होऊन बसतो. म्हणून 'विनोदानं प्रोग्रॅमिंग शिकणं सोपं होतं का?' असं कुणी विचारलं, तर मी आधी विचारतो, कुणासाठी?

विनोदाला माझा विरोध नाही. नवव्या शतकात बसऱ्याचा अल-जाहिझ 'किताब अल-हयवान'मध्ये गंभीर विवेचनात मुद्दाम थट्टा मिसळत असे, वाचक कंटाळू नये म्हणून. इल्म म्हणजे कपाळावर आठ्या, ही समजूत आपल्या परंपरेतूनच आली असं कुणी सांगू नये.

प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकांतही हा प्रयोग जुना आहे. १९७४ साली डॅनिएल फ्रीडमन यांचं 'द लिटल लिस्पर' निघालं. त्याची सुरुवात दोन आठवड्यांच्या एका वर्गाच्या टिपणांतून झाली होती. त्या वर्गातल्या मुलांनी आधी प्रोग्रॅमिंग केलेलं नव्हतं, आणि आकडेमोडीचा त्यांना तिटकारा होता. पुस्तक डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, अशा गप्पांत पुढे सरकतं. उदाहरणं बहुतेक खाण्यापिण्याची. मटण चॉप्स आणि पुदिन्याच्या जेलीच्या यादीतून 'पुदिना' हा शब्द काढून टाक, असं एक उदाहरण. जेलीचे डाग पडण्यासाठी म्हणून वेगळी राखून ठेवलेली जागाही आहे! पुढच्या आवृत्तीत यामागचा विचार सांगितला आहे: अमूर्त चिन्हांपेक्षा खाद्यपदार्थ डोळ्यांसमोर चटकन येतात, आणि विषय डोकं फिरवणारा असल्यानं थोडा विरंगुळाही हवा. यातली गंमत अशी की, जेलीवर हसू आलं नाही तरी चालतं. यादीतून एक शब्द काढायचा आहे, एवढं कुणालाही समजतं.

१९७८ साली एमआयटी प्रेसनं रॉजर कॉफमन यांचं 'अ फोरट्रॅन कलरिंग बुक' काढलं. हातानं लिहिलेली अक्षरं, हातानं काढलेली चित्रं, आणि नाव मुलांच्या रंगवायच्या वहीचं. फोरट्रॅन ही त्या काळी इंजिनीअर आणि शास्त्रज्ञांची भारदस्त भाषा. तिची भीती घालवायला हे नावच अर्धं काम करतं.

२००३मध्ये कॅथी सिएरा आणि बर्ट बेट्स यांचं 'हेड फर्स्ट जावा' आलं. त्यात कंपायलर आणि जावाचं व्हर्च्युअल मशीन यांच्यात 'जास्त महत्त्वाचं कोण?' यावर भांडण लावून दिलं आहे. सासू-सुनेचं भांडण ऐकलेल्या कुणालाही ते कळेल. आणि भांडण संपेपर्यंत कुणाचं काम काय, हेही कळलेलं असतं. इथे विनोद धड्यापासून वेगळा काढताच येत नाही.

याच्या उलट टोकाला 'व्हाय्ज पॉइनंट गाइड टू रुबी'. टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकाचं हे पुस्तक इंटरनेटवर फुकट होतं. त्यात कार्टूनमधले कोल्हे अधूनमधून येऊन 'चंकी बेकन' ओरडतात. पुन्हा डुक्करच! २००९च्या ऑगस्टमध्ये लेखकानं आपलं सगळं लेखन इंटरनेटवरून काढून टाकलं आणि तो दिसेनासा झाला. वाचकांनी प्रती जमवून पुस्तक टिकवलं, इतकं त्यांचं त्यावर प्रेम होतं. ते प्रेम मी खोटं मानत नाही. पण कोल्ह्यांच्या आरोळ्या पुसून टाकल्या तर रुबीचा एकही नियम कमी होत नाही. मग त्या लक्षात राहिल्या म्हणून रुबी लक्षात राहिली, असं कसं म्हणायचं?

हा फरक संशोधनातही दिसतो. कॅप्लन आणि पॅस्को यांनी १९७७मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विनोदी आणि साधी व्याख्यानं ऐकवून पाहिली. विनोदामुळे धडा तिथल्या तिथे जास्त कळला नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा मात्र, ज्या संकल्पना विनोदी उदाहरणांतून समजावल्या होत्या त्या अधिक लक्षात राहिलेल्या होत्या. मुद्द्याशी जोडलेला विनोद उपयोगी पडला.

उर्दू वाचकाला यातली दुसरी बाजू इब्ने इन्शांच्या 'उर्दू की आखरी किताब'वरून पटेल. शाळेच्या क्रमिक पुस्तकांची अशी फिरकी क्वचितच कुणी घेतली असेल. पण ती वाचून हसायला आधी ती पुस्तकं घोकलेली असावी लागतात. उर्दूचं पहिलंच पुस्तक म्हणून कुणी ती मुलाच्या हाती दिली, तर मूल हसणार नाही, शिकणारही नाही. 'स्पॅम'चं नेमकं हेच होतं. ते आत पोचलेल्यांचं आपापसातलं हसू आहे. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीला वाटतं, सगळे हसताहेत आणि आपल्यालाच कळत नाही. तिथून 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवायला वेळ लागत नाही. इंग्रजीचा धाक आधीच असतो, त्यात ही भर.

म्हणून मराठी-उर्दूत प्रोग्रॅमिंगचं पुस्तक लिहिणाऱ्यांनी इंग्रजीतले विनोद उचलून आणू नयेत, आणि विनोद टाळूही नये. आपल्याकडे शेखचिल्ली आहे. मराठीत आणि उर्दूत, मोहल्ल्यात आणि वाड्यात, तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बसलेली फांदी तोडणारा शेखचिल्ली म्हणजे सूचनांचा क्रम चुकलेला प्रोग्रॅम. डोक्यावर मडकं घेऊन 'मजुरी मिळाली तर कोंबडी घेईन, कोंबडी वाढली तर बकरी घेईन' म्हणणारा शेखचिल्ली म्हणजे एकात एक अडकवलेल्या 'जर-तर'ची साखळी. पहिली अट पूर्ण होण्याआधीच मडकं फुटतं, आणि आतली एकही ओळ चालत नाही. हे वाचून मुलगी हसेल ती शेखचिल्लीला, स्वतःला नव्हे. आणि का हसली ते सांगताना तिनं 'जर-तर'चा धडाच सांगितलेला असेल.