न भरवलेली झाडं कुठे आहेत?

टेरारियममध्ये ड्रॉसेरा लावायचा विचार असेल तर आधी पाण्याचं बघा. ही दलदलीतली झाडं. मुळाशी ओल कायम हवी, पण त्या पाण्यात क्षार नकोत. माझी पहिली चार रोपं नळाच्या पाण्यानेच गेली. पुढची पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर, शेवाळात तगली. त्यांना मी फळमाश्या भरवल्या, नवी पानं आली, आणि ग्रुप मीटिंगमध्ये मोठ्या उत्साहाने फोटो दाखवले. गाइड एवढंच म्हणाल्या, "न भरवलेली झाडं कुठे आहेत?"

ती नव्हतीच!

या चुकीत सोबत मात्र मोठी मिळाली. चार्ल्स डार्विनने १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्समध्ये ड्रॉसेराच्या पानांवर अडकलेले किडे पाहिले आणि १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. पानं काय पचवतात, केसरं कशाने वाकतात, सगळं त्यात आहे. पण खाल्ल्याने झाडाचा फायदा होतो का? ते तुलना करून दाखवलेलं नव्हतं. टीकाकारांनी नेमकं तेच धरलं: किडे न मिळताही ही झाडं मजेत वाढतात की!

उत्तर दिलं मुलाने, फ्रान्सिस डार्विनने. १८७७ च्या जूनमध्ये त्याने सुमारे २०० झाडं शेवाळ भरलेल्या सूपच्या थाळ्यांत लावली. (उपकरणं महाग असतात म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) सहा थाळ्या, प्रत्येकीत मधोमध लाकडाची बुटकी पट्टी. एक बाजू भरवायची, दुसरी उपाशी ठेवायची. वरून जाळी, नाहीतर उपाशी झाडं स्वतःच शिकार करणार. थाळी एकच, त्यामुळे ओल आणि ऊनही जवळपास सारखंच. भरवलेल्या बाजूच्या पानांवर दर काही दिवसांनी भाजलेल्या मांसाचे कण ठेवायचे, एकेक कण जेमतेम १.३ मिलिग्रॅम. हे सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चाललं.

आता आकडे बघा. उपाशी बाजू १०० धरली तर फुलांचे दांडे वगळून भरवलेल्या झाडांचं वजन १२१.५. म्हणजे वजनातला फरक तसा माफकच; टीकाकार अगदीच खोटं बोलत नव्हते. पण दांड्यांची संख्या १६४.९, बियांची २४१.५, आणि बियांचं एकूण वजन ३७९.७! फायदा पानांत कमी, बियांत जास्त दिसत होता. फ्रान्सिसने फक्त पानं मोजली असती तर वाद तसाच रेंगाळला असता.

आणि मी? मी नेमके पानांचेच फोटो काढले होते.

सध्या माझ्या टेरारियममध्ये मधोमध प्लास्टिकची पट्टी आहे. दोन्ही बाजूंना तेच पावसाचं पाणी, वर जाळी. डावीकडच्यांना माश्या, उजवीकडच्यांना काही नाही. अजून एकाही बाजूला दांडा आलेला नाही, त्यामुळे यावेळी मीटिंगमध्ये दाखवायला माझ्याकडे फोटो नाही.