तिसऱ्या घंटेनंतर

तिसरी घंटा झाली की माझं खरं काम सुरू व्हायचं. त्याआधीचं तिकिटं फाडणं, रांग दाखवणं हे दोन दिवसांत कोणालाही जमतं. पण प्रेक्षागृहातले दिवे गेले, पडदा उघडला आणि त्यानंतर धापा टाकत जिना चढून जी चार माणसं येतात, त्यांचं काय करायचं? मुंबईतल्या एका नाट्यगृहाच्या दरवाजावर नोकरी केली तेवढी वर्षं हा प्रश्न माझ्यासमोर रोज उभा राहिला. लोकल रखडली, रिक्षा मिळेना, मूल झोपेना, आईला औषध द्यायचं होतं. कारणं खरी असतात. तिकीट पैसे मोजून घेतलेलं असतं. आणि आत काळोखात एक नटी आपलं पहिलं वाक्य बोलत असते, तिचंही काही चुकलेलं नसतं.

मी मूळचा झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, वडशाकडचा. आमच्याकडे धानाची कापणी झाली की गावोगाव मंडई भरते, दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होतो आणि रात्री नाटक. जेवणं आटोपून, अंगावर घोंगडी-चादरी घेऊन आसपासच्या खेड्यांतली माणसं येत राहतात, नाटक उजाडेपर्यंत चालतं. ‘सुरू झालं का?’ असं तिथे कोणी विचारत नाही. ‘कुठवर आलं?’ असं विचारतात, आणि शेजारी बसलेला दोन वाक्यांत सांगून टाकतो. उशिरा आलेला म्हणून कोणी वेगळा काढलाच जात नाही. ही रंगभूमी आजही जोरात आहे. वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं ओळीने आहेत आणि तिथले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तिथून मुंबईत आल्यावर बंद दरवाजा मला फार निष्ठुर वाटला. म्हणून मी जुन्या व्यवस्थापकांना विचारू लागलो, मिळेल ते वाचू लागलो. पूर्वी या माणसांचं काय करत असत?

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या नाटकांची सुरुवात कशी होत असे ते नीट पाहिलं की उत्तराचा अर्धा भाग हाती लागतो. आधी सूत्रधार आणि त्याचे साथीदार मंगलाचरण गाणार. मग विदूषक उड्या मारत येणार आणि सूत्रधाराशी थट्टामस्करी करणार. मग गणपती येऊन नाटकातली विघ्नं दूर करण्याचा आशीर्वाद देणार. त्यानंतर मोरावरची सरस्वती नाचत येणार. ती गेली की सूत्रधार आजचं आख्यान कोणतं ते सांगणार, आणि तेव्हा कुठे राम, सीता, रावण यांची पाळी. कथेतला एक धागाही सुटू न देता माणूस तोवर निवांत येऊन बसू शकत होता. शिवाय सगळी पदं सूत्रधारच म्हणायचा, म्हणजे गोष्ट सांगणारा माणूस कायम समोर हजर. राक्षसांच्या आरोळ्या, राळेचे भपके आणि तलवारींचा खणखणाट, ज्यावरून या नाटकांना अललडुर्र म्हणत, तो इतका मोठा होता की पाच-पंचवीस माणसांच्या ये-जा करण्याने त्याचं काही बिघडत नव्हतं.

ही रचना भाव्यांनी शून्यातून काढली नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा पाचवा अध्याय सगळा पूर्वरंगाचाच आहे. वाद्यं मांडणं, ती जुळवणं, गायकांनी बसणं, यांपैकी कितीतरी विधी पडद्याआड व्हायचे आणि मग नांदी. कोकणातल्या दशावतारात आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, भट, सरस्वती, ब्रह्मदेव आणि काळ्या वेषातला संकासुर येऊन जातात, नंतर आख्यान उभं राहतं. संकासुर तर समोर बसलेल्यांचीही थट्टा करतो. तमाशात गण, गौळण, बतावणी होऊन मग वग. कीर्तनकारही आधी पूर्वरंगात अभंगाचं निरूपण करतो आणि आख्यान उत्तररंगासाठी राखून ठेवतो. हे सगळं देवाचं स्मरण म्हणून होतं, यात वाद नाही. पण ज्यांनी हे रचलं त्यांना आपला प्रेक्षक ठाऊक होता. तो गुरांचं दूधपाणी करून, दिवेलागण करून, चार कोस चालत येणार होता. त्याची वाट पाहत मंडळी ताटकळत बसली नाहीत. वाट पाहण्याच्या वेळेचंच त्यांनी नृत्य, संगीत आणि विनोद केला. आमच्या रंगभूमीतली ही मला सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा विदूषकाच्या उड्या आणि मोरावरची सरस्वती गेली. नांदी राहिली, सूत्रधार-नटीचा प्रवेश राहिला. या प्रवेशाचं मूळ कालिदासात पाहा. आज आपण कोणतं नाटक करणार ते सूत्रधार प्रथम सांगतो. मग नटी ग्रीष्म ऋतूवर गाते. त्या गाण्यात तो इतका रंगून जातो की आता कोणतं नाटक करायचं, असं तिलाच विचारतो. ती म्हणते, तुम्हीच तर आत्ता सांगितलंत. विद्वान या विसरण्याचा संबंध दुष्यंताच्या पुढच्या विसरण्याशी लावतात आणि तो आहेच. दरवाजावरच्या माणसाला मात्र आणखी एक गोष्ट दिसते. नाटकाचं नाव दोनदा सांगितलं गेलं. पहिल्यांदा जो नव्हता, त्याच्यासाठी गाणं झाल्यावर ते पुन्हा आलं.

संगीत नाटकांच्या भराच्या काळात उशिराला आणखी वाव होता. चार-पाच अंक, अंकाअंकांत पडदा पडणार, चहा-पान होणार. ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ ही नाटकं रात्री सुरू व्हायची आणि मध्यरात्र उलटून पुढे चालायची. पदाला ‘वन्समोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा, कधी कधी तिसऱ्यांदा. बालगंधर्वांचं पद चुकलेल्या माणसाला ते त्याच रात्री पुन्हा ऐकायला मिळण्याचा चांगलाच संभव असायचा. दिव्यांचंही होतं. तेलाच्या हंड्या आणि गॅसच्या बत्त्या असताना प्रेक्षागृह पुरतं काळोखं करता येत नसे. येणाऱ्याला वाट दिसायची, बसलेल्याला ओळखीचा माणूस दिसायचा, तो सरकून जागा द्यायचा. बॅटरी हातात घेऊन उभ्या राहणाऱ्या माझ्यासारख्याची त्या काळी गरजच नव्हती.

हे सगळं बदललं. तारीख एकच सांगायची तर मी 1 जुलै 1933 सांगेन. त्या दिवशी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. नांदी नाही, सूत्रधार नाही, स्त्रीची भूमिका स्त्रीने केलेली, गाणी मोजकी, आणि बोलणं घरातल्यासारखं. इब्सेनच्या वाटेने आलेलं हे नाटक पडदा उघडताच मुद्द्याला हात घालत होतं. पुढे मो. ग. रांगणेकरांनी ‘नाट्यनिकेतन’मधून ‘कुलवधू’सारखी नाटकं तीन-साडेतीन तासांत बसवली आणि तो बदल घरोघर पोचला. विजेच्या दिव्यांमुळे प्रेक्षागृह काळोखं झालं. नट प्रेक्षकांकडे पाहून गाण्याऐवजी एकमेकांशी हलक्या आवाजात बोलू लागले. हलक्या आवाजातल्या बोलण्याला खुर्चीची करकर सोसत नाही.

उशिरा येणारा माणूस गुन्हेगार झाला तो या टप्प्यावर. त्याच्यात काहीच बदल झाला नव्हता. त्याची गाडी पूर्वीही चुकत होती. नाटकाने त्याच्यासाठी राखून ठेवलेली वेळ तेवढी काढून घेतली.

ती वेळ गेल्याने काय हरवतं, ते तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. 1967 सालचं नाटक. पडदा उघडतो तेव्हा सामंत आणि बेणारे बाई दोघंच त्या सभागृहात आलेली असतात. दाराच्या कडीत बाईंचं बोट चेमटलेलं असतं. सामंत सांगतो की ही कडी अशीच आहे, ती पूर्ण सरकवली नाही आणि दार ओढलं की दार बाहेरून लागतं. मग बाई मोकळेपणाने बोलतात, हसतात, आपल्या शाळेबद्दल सांगतात. पुढे खटल्याचा खेळ त्यांच्या जिवावर उठतो, त्या दाराकडे धावतात आणि दार उघडत नाही. सुरुवात न पाहिलेल्या माणसाला दार लागण्याचं कारण माहीत नसतं, आणि हसणाऱ्या बेणारेही त्याने पाहिलेल्या नसतात. त्याला केवळ आरोपी दिसते. हे नाटक पाहिल्यापासून बंद दरवाजाबद्दलचा माझा राग गेला. अशा नाटकात उशिरा आलेल्याला आत सोडणं म्हणजे इतरांचा रसभंग तर होतोच, त्या माणसालाही अर्धवट नाटक हाती देऊन फसवणं होतं.

पुढे 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ने गणपती, सरस्वती, लक्ष्मी यांना नाचवत पुन्हा रंगमंचावर आणलं आणि माणसांची भिंत गाऊ लागली. जुनं लोकनाट्याचं अंग परत आलं, पण सुरुवातीचा निवांतपणा परत आला नाही. त्या पहिल्या नाचातच नाटकाचा उपरोध सुरू झालेला असतो, तो चुकवून चालत नाही.

दरवाजा बंद होण्याचं दुसरं कारण इमारतींचं आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. दादरचं शिवाजी मंदिर 1965 सालचं, पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर 1968 सालचं. अशी नाट्यगृहं सत्रांनी दिली जातात. रविवारी सकाळी एका निर्मात्याचं नाटक, दुपारी दुसऱ्याचं, रात्री तिसऱ्याचं. दुपारचं नाटक संपलं की त्याचं नेपथ्य सोडवून टेम्पोत चढवायचं आणि त्याच वेळी रात्रीचं नेपथ्य आत यायचं. दुपारी वीस मिनिटं वाट पाहिली तर रात्रीचा पडदा उशिरा उघडतो आणि कल्याण-विरारकडे जाणाऱ्यांची शेवटची लोकल धोक्यात येते. तरी बुकिंगच्या खिडकीवर रांग दिसली की कितीतरी व्यवस्थापक तिसरी घंटा रोखून धरतात. माझं मत विचाराल तर तो वेळेवर आलेल्यांवर अन्याय आहे. त्यांनीही घर आवरूनच धावपळ केलेली असते.

जुहूच्या पृथ्वी थिएटरने 1978 पासून वेगळी रीत घातली. जेमतेम दोनशेच्या घरातल्या खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, आणि तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश नाही. तिथे ते योग्यच आहे, कारण आत जाणारा माणूस जवळजवळ रंगमंचावरूनच चालत जाईल. हजारभर खुर्च्यांच्या नाट्यगृहाला मधली वाट काढता येते, आणि ती वाट म्हणजेच आमचा धंदा.

ती वाट अशी. प्रत्येक नाटकाचा पहिला काळोख किती मिनिटांनी येतो ते मी बॅकस्टेजच्या मुलांना विचारून एका छोट्या वहीत लिहून ठेवायचो. उशिरा आलेल्यांना तोवर बाहेर थांबवायचं आणि ‘अजून सात मिनिटं’ असा खरा आकडा सांगायचा. नुसतं ‘थांबा’ म्हटलं की माणूस चिडतो, आकडा सांगितला की थांबतो. आतलं दार उघडण्याआधी बाहेरचं दार लावायचं, नाहीतर व्हरांड्यातला उजेड थेट रंगमंचावर पडतो. बॅटरीच्या काचेवर दोन बोटं धरून उजेड फक्त पायरीवर पाडायचा, कोणाच्या चेहऱ्यावर कधीच नाही. तिकीट तिसऱ्या रांगेचं असलं तरी बसवायचं शेवटच्या मोकळ्या खुर्चीवर. आपली जागा मध्यंतरानंतर. सर्वांत जास्त हट्ट पासवाल्यांचा असायचा. पहिल्या रांगेतून पाच माणसं वाकून गेली की नट ते पाहतो, आणि वाक्य विसरला तर दोष त्याला येतो.

गेल्या काही वर्षांत काळोख नसलेली, सलग चालणारी नाटकं वाढली आहेत. त्यांच्या दिग्दर्शकांना माझी विनंती आहे की तालमीच्या वेळीच ठरवा, उशिरा आलेल्यांना कोणत्या क्षणी आत सोडायचं. एक गाणं, एक प्रवेशबदल, एक मोठा आवाज, काहीही चालेल. भाव्यांनी आणि किर्लोस्करांनी हा विचार संहितेतच केला होता. तो दरवाजावरच्या माणसाच्या अंदाजावर सोडू नका. तो क्षण नसेलच, तर तिकिटावर मोठ्या अक्षरांत तसं छापा.

आणि प्रेक्षकांना एवढंच सांगतो की दुसऱ्या घंटेला खुर्चीत असा. उशीर झालाच, तर दरवाजावरचा माणूस सांगेल तेवढा वेळ बाहेर थांबा, तो दाखवील त्या खुर्चीवर बसा, आणि सुरुवातीला काय झालं ते मध्यंतरात शेजाऱ्याला विचारा. तो सांगेल.