नगर जिंकणाऱ्या वेलस्लीच्या नावाचे जहाज

३. ‘नगरचा किल्ला वेलस्लीने घेतला’ : आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) पेठ शिड्या लावून घेतली, १२ ऑगस्टला शिंद्यांच्या ताब्यातला किल्लाही पडला. पुढे ७४ तोफांच्या एका ब्रिटिश युद्धनौकेला त्याचे नाव मिळाले. तिचे नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ ही फ्रिगेट डिसेंबर १८१२मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी ‘कॉन्स्टिट्यूशन’च्या हाती पडली. त्यामुळे मुंबईच्या गोदीत वाडियांनी नुकत्याच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या धर्तीवर नवे सागवानी जहाज उभे केले. २४ फेब्रुवारी १८१५ रोजी ‘वेलस्ली’ पाण्यात उतरली. फेब्रुवारी १८३९मध्ये तिने कराचीच्या मनोरा किल्ल्यावर तोफा डागल्या. १८६८पासून ती ‘कॉर्नवॉल’ या नावाने इंग्लंडमध्ये प्रशिक्षण नौका होती. सप्टेंबर १९४०मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यानंतर ती टेम्स नदीत बुडाली. शिडांच्या काळातील मोठ्या युद्धनौकांपैकी हवाई हल्ल्यात बुडालेली ही एकमेव. नगरच्या इतिहासात वेलस्लीचे नाव येते, तिथे सव्वाशे वर्षे टिकलेली नौका घडवणाऱ्या मुंबईच्या कारागिरांचीही नोंद हवी, म्हणून ही टीप. — संपा.