आभासी वास्तवाचा प्रकल्प : साधन कोणते निवडावे?

आभासी वास्तव, अर्थात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, हा विषय प्रकल्पासाठी घेणारे विद्यार्थी बहुधा आधी नामांकित सॉफ्टवेअर निवडतात आणि मग ते कशावर चालेल याचा शोध घेतात. हा क्रम उलटा हवा. हाताशी कोणते उपकरण आहे, यावर साधनाची निवड अवलंबून असते.

केवळ मोबाइल आणि पुठ्ठ्याचा चष्मा असेल, तर ए-फ्रेम पुरेसे आहे. मोझिलाने २०१५ मध्ये आणलेले हे साधन एचटीएमएलच्या खुणांमधूनच त्रिमिती दृश्य उभे करते आणि ते ब्राउझरमध्ये पाहता येते. मात्र अशा चष्म्यात डोके वळवल्याची नोंद होते, पावले टाकल्याची नाही. खोलीत फिरण्याची कल्पना असेल, तर ती पहिल्याच दिवशी सोडून द्यावी.

क्वेस्टसारखा हेडसेट उपलब्ध असल्यास सी शार्प भाषेवर चालणाऱ्या युनिटीचा पर्याय सोयीचा ठरतो, कारण शिकण्याचे साहित्य विपुल आहे. अनरिअल इंजिन देखणे खरे. पण त्याला ताकदीचा संगणक लागतो आणि त्यातील भपकेबाज देखावा हेडसेटच्या मोबाइलच्या जातकुळीतील प्रोसेसरवर अडखळतो. सेकंदाला ९० चित्रे दाखवायची, तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळी दृश्ये तयार व्हावी लागतात. हे गणित चुकले की पाहणाऱ्याला मळमळते, आणि परीक्षकही त्याला अपवाद नसतात!

साधनांचे आयुष्य हा दुर्लक्षित मुद्दा. गुगलने डेड्रीम २०१९ मध्ये गुंडाळले, कार्डबोर्डची विक्री २०२१ मध्ये थांबवली. मोझिलाने हब्ज ही सेवा २०२४ मध्ये बंद केली. युनिटीने २०२३ मध्ये प्रत्येक इन्स्टॉलेशनमागे शुल्क आकारण्याची घोषणा केली आणि निर्मात्यांच्या रोषानंतर २०२४ मध्ये ती मागे घेतली. विद्यार्थ्यांना त्या शुल्काची झळ बसण्याची शक्यता अल्पच होती. तरीही मुक्त स्रोत असलेल्या गोडो इंजिनाकडे अनेकांचे लक्ष त्यामुळेच वळले. पुढच्या तुकडीला प्रकल्प चालवता यावा असे वाटत असेल, तर हेडसेटशी जोडणी २०१९ च्या ओपनएक्सआर या खुल्या मानकाद्वारे करावी आणि ब्लेंडरमध्ये घडवलेल्या आकृत्या जीएलटीएफ स्वरूपात जपाव्यात. इंजिन बदलले तरी निदान मेहनतीने केलेल्या आकृत्या वाया जात नाहीत.

मराठी मजकूर दाखवायचा असेल, उदाहरणार्थ एखाद्या गडाच्या आभासी फेरफटक्यात, तर आणखी एक अडचण उभी राहते. युनिटीतील टेक्स्टमेशप्रो देवनागरी जोडाक्षरांची जुळणी स्वतः करत नाही. परिणामी 'विद्यार्थी' या शब्दातील पहिली वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाते, रफार भलतीकडे पडतो. ए-फ्रेमसोबत येणाऱ्या अक्षरसंचांत देवनागरी नाही. तेथे ब्राउझरच्या कॅनव्हासवर अक्षरे उमटवून ते चित्र दृश्यातील फलकावर चिकटवता येते. युनिटीतही तयार चित्र वापरण्याची पळवाट आहे. २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये मात्र अशा लिप्यांची जुळणी मुळातच अंतर्भूत आहे, आणि मराठी मजकूर भरपूर असलेल्या प्रकल्पासाठी हे एक कारणही त्याची निवड करण्यास पुरेसे आहे. निवड पक्की करण्यापूर्वी 'विद्यार्थी' हा एकच शब्द प्रत्यक्ष उपकरणावर उमटवून पाहावा. त्याला फार तर एक दुपार लागते.